पाखरीकडे पाठ करून

बापूमामा आले की आधी त्यांचा आवाज घरात शिरायचा आणि मग ते. त्या दुपारी मात्र ते गपचूप आले. धोतराच्या सोग्यात काहीतरी धरलेलं, चेहऱ्यावर चोरीचा माल आणल्यासारखा भाव. आई भाकरी तव्यावर टाकून दारात आली, तर मामांनी सोगा उघडला आणि आत एक पिल्लू. पिल्लू कसलं, चार काड्या आणि एक लांबोडकं नाक. रंग गव्हाच्या कोंड्यासारखा, पोट पार आत गेलेलं आणि डोळ्यांत जन्मतःच काजळ. "अक्का, कारवानी हाय," मामा म्हणाले. "आमच्या हिरीच्या पोटची. लई लांबून लोक मागाय येतात. मी नलूसाठी राखून ठेवली." मामांचं शेत लातूरकडे, चाकूरच्या अंगाला. तिथे रानडुकरं आणि ससे पिकात शिरतात म्हणून त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या ही उंच, सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी कुत्री. आमच्याकडे ना शेत ना डुकरं. आम्ही मुदखेडला, स्टेशनच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायचो. पण मी मागच्या सुट्टीत मामांच्या कुत्र्यांमागे हिंडले होते आणि निघताना रडले होते, तेवढं त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. उचलून बघितलं तर पिल्लाला वजनच नव्हतं. म्हणून तिचं नाव पाखरी.

अण्णा शाळेतून आले, टोपी खुंटीला लावली, पिल्लाकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि हातपाय धुवायला गेले. जेवताना फक्त एवढंच म्हणाले, "बापूराव, हे खामखा कशाला?" अण्णा हायस्कुलात गणित शिकवायचे. बोलणं कमी आणि तेही मोजकं. गावात कुणी मोठ्यानं हसत असलं आणि अण्णा रस्त्यानं गेले, तर ते हसू तेवढ्यापुरतं थांबायचं. घरात ते लोखंडी खुर्चीवर बसून वह्या तपासायचे आणि आम्ही दोघी मायलेकी आत कुजबुजत बोलायचो. बाकी आवाज करायला रेल्वे होतीच. शंटिंगचे डबे एकमेकांवर आपटले की आईच्या फळीवरची भांडी किणकिणायची, आणि कोळशाच्या इंजिनानं वाफ सोडली की आमटीत काजळी पडू नये म्हणून आई पटकन झाकण टाकायची. येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीचा वास आणि कोळशाच्या धुराचा वास हे दोन्ही माझ्या डोक्यात अजून एकच आहेत. आता लातूरला चौथ्या मजल्यावर राहते मी, गॅसवर स्वयंपाक होतो, पण येसर फोडणीला पडलं की मी अजूनही नकळत गाडीची वाट बघते.

शेजारी लक्ष्मम्माकाकू राहायच्या. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड, कायम कुठल्यातरी गाडीच्या शेवटच्या डब्यात. काकू तेलंगणातल्या, त्यांचं मराठी तेलुगूतून वाट काढत यायचं. त्यांच्या अंगणात कोंबड्या होत्या आणि त्या कोंबड्यांवर त्यांचा फार जीव. पाखरीला त्या 'कुक्का' म्हणायच्या, तेलुगूत कुत्रं. सुरुवातीला प्रेमानं, मग बेजार होऊन.

पाखरी वाढली ती पायांनीच वाढली. काही महिन्यांत ती माझ्या कमरेला लागली आणि मला कळेनासं झालं की हिचं करायचं काय. मी तिच्यावर जीव ओवाळून टाकत होते. शाळेतून आले की दप्तर फेकून आधी तिला मिठी. तिच्या गळ्यात हात, डोक्याची पापी, तोंडाला तोंड. ती मान वळवायची, जांभई द्यायची, ओठ चाटायची. मी म्हणायचे, बघा कशी लाडात आलीय. मिठी सैल झाली की ती निसटून थेट अण्णांच्या खुर्चीखाली जाऊन पडायची. अण्णा तर तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. एकदा लाल शाईची दौत तिच्यावर सांडली तरी त्यांनी फक्त पाय जरासा बाजूला घेतला. ती त्या पायावर हनुवटी ठेवून झोपली. मला भयंकर राग यायचा. सगळं मी करते, भाकरी ताकात कुस्करून मी घालते, गोचीड मी काढते, आणि ही झोपते कुणाच्या पायाशी, तर जो माणूस हिला नावानंही हाक मारत नाही त्याच्या!

हाक मारून ती यायची नाही हे तर वेगळंच. दार उघडं दिसलं की ती सुटायची, मी मागून ओरडत पळायचे आणि ती मला मजेत सगळं मुदखेड दाखवून आणायची. मालधक्का, बाजारपटांगण, कापसाच्या गाड्या. मी दमून थांबले की तीही थांबायची, मी पुढे झाले की पुन्हा पळायची. सापडली की मी तिच्या पाठीत धपाटा घालायचे आणि पट्ट्याला धरून ओढत घरी आणायचे.

असंच एकदा ती काकूंच्या अंगणात शिरली. कोंबडी मेली नाही, पण शेपटीची सगळी पिसं गेली आणि ती बिचारी कित्येक दिवस तशीच लाजत हिंडत होती. पळताना पाखरीचा पाय कुंपणाच्या तारेत अडकून चिरला. मी घाबरून धावले, तिला कोपऱ्यात गाठलं, वरून अंगावर पडून दोन्ही हातांनी आवळून धरलं. ती गुरगुरली. मी आणखी आवळलं. तेव्हा तिनं वळून माझं मनगट तोंडात धरलं आणि लगेच सोडलं. रक्त नव्हतं, कातडी फाटली नव्हती, नुसते दातांचे वळ. पण आईनं ते बघितलं आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला. "चावली! पोरीला चावली!" काकू कुंपणापलीकडून तेलुगूत ओरडत होत्या. अण्णा बाहेर आले, माझं मनगट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "दिवाळीला बापूराव येणार आहेत. घेऊन जातील तिला." मग वह्यांकडे परत गेले. आमच्या घरात यावर बोलायची पद्धत नव्हती.

पायाला पट्टी तर करायला हवीच होती. जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा नुकत्याच एक डॉक्टरीणबाई बदलून आल्या होत्या, उदगीरच्या बिडवे. बाई माणूस आणि बैलांची डॉक्टर, म्हणून गावात चर्चा होती. पण एका अडलेल्या म्हशीची सुटका त्यांनी केली आणि चर्चा बंद झाली. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. लूनावरून यायच्या. मी पाखरीला ओढत आत नेलं तशा त्या टेबलामागून माझ्याकडेच बघत राहिल्या. पाखरीकडे बघितलंच नाही.

"काय झालं?"

"पाय चिरलाय. आणि मला चावली."

त्यांनी माझं मनगट बघितलं. "हिचे दात बघितलेस का कधी? मनात असतं तर हाड दिसलं असतं तुझं. ही चावली न्हाई. ही बोलली. त्याआधी काय काय बोलली ते तू ऐकलं न्हाईस."

"ती कुठं बोलली?"

"पट्टा सोड आणि गप बस," त्या म्हणाल्या. मग त्या चक्क जमिनीवर बसल्या. पाखरीकडे पाठ करून. दवाखान्यात बाहेर दोन शेतकरी बैल घेऊन उभे, आणि डॉक्टरीणबाई फरशीवर मांडी घालून भिंतीकडे बघत माझ्याशी शाळेच्या गप्पा मारतायत. कोणती इयत्ता, कोणता विषय आवडतो. पाखरी दाराशी अंग चोरून उभी होती. मग एक पाऊल. मग मान लांब करून बाईंच्या पाठीचा वास. मग बाजूनं पुढे येऊन पदराचा वास. बाईंनी हात हळूच हनुवटीखालून वर नेला आणि छातीवर खाजवलं. पाखरीचे कान खाली आले, अंग सैल झालं आणि बाईंनी गप्पा न थांबवता तिचा पाय मांडीवर घेतला. जखम धुताना ती एकदाच कण्हली.

"ही जात अशीच हाय," बाई पट्टी बांधता बांधता म्हणाल्या. "परक्याचा हात अंगाला लागलेला खपत न्हाई. आणि तू तर तिला मिठ्या मारून राहिलीस. तुझ्यासाठी ती मिठी, तिच्यासाठी तो फास. जांभई देते का? ओठ चाटते का? नजर चुकवते का? म्हणजे ती म्हणते, सोड मला."

मला त्या सगळ्या मिठ्या आठवल्या आणि कान गरम झाले. मी विचारलं, "मग ती अण्णांकडे का जाते? ते तर काहीच करत नाहीत."

"म्हणूनच की," बाई हसल्या. "ते तिच्याकडं काही मागत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी पट्टी बघायच्या निमित्तानं त्या आमच्या घरीच आल्या. आईनं चुरमुऱ्यांची सुशीला केली होती, वर शेंगदाणे आणि लिंबू. बाईंनी ताटली हातात घेऊन साऱ्या घराची तपासणी केली. कुत्रीला बोलवता कसं? आई म्हणाली, मी 'यू यू' करते. मी म्हणाले, मी 'ये गं माझी सोनी' म्हणते. अण्णा वह्यांतून वर न बघता म्हणाले, "मी बोलवत नाही." स्वयंपाकघरात कुत्री येते का? आई म्हणाली, छे, मुळीच नाही. तेवढ्यात पाखरी उंबरा ओलांडून थेट चुलीपाशी गेली आणि आईच्या हाताकडे बघत बसली. आईचा चेहरा उतरला. "एखादा तुकडा देते हो मी. भाकरी भाजताना अशी बघते की नंतर घास गिळवत नाही." बाई म्हणाल्या, "द्या की. पण उंबऱ्याच्या बाहेर. एक दिवस आत आणि एक दिवस हाकललं, तर तिनं समजायचं काय?"

मग त्या अण्णांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सर, दिवाळीपर्यंत मला वेळ द्या. मी शिकवते हिला. म्हणजे हिला कमी, तुमच्या नलूला जास्त."

"कुत्र्याला शिस्त पाहिजे," अण्णा म्हणाले. "ही पोरगी शिस्त लावत नाही."

"सर, तुम्ही हाक मारल्यावर एखादं पोर बाकावर मागं मागं सरकायला लागलं तर काय करता?"

"कान धरून पुढं आणतो."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

अण्णांनी पेन खाली ठेवलं. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "दुसऱ्या दिवशी ते शाळेत येत नाही," ते म्हणाले.

बाई सुशीला खात राहिल्या. मग अण्णाच म्हणाले, "ठीक आहे. दिवाळीपर्यंत."

त्या पावसाळ्यानंतरचे ते दिवस मला अजून चवीसकट आठवतात. अंगणात कडुनिंबाखाली मी पाखरीकडे पाठ करून बसायचे. मागे तळहात उघडा, त्यावर उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर तुकडा. अंडं आमच्या घरात शिजत नसे. ते यायचं लक्ष्मम्माकाकूंकडून. बाईंनी त्यांना जाऊन सांगितलं होतं की ही कुत्री हाकेवर यायला शिकली, तरच तुमच्या कोंबड्या सुखानं राहतील. हे त्यांना इतकं पटलं, की ज्या कोंबडीची पिसं गेली होती तिचंच अंडं त्या न चुकता उकडून कुंपणावरून द्यायच्या. हाकेचा शब्दही त्यांचाच. बाई म्हणाल्या होत्या, सगळ्यांनी एकच शब्द ठरवा, आणि तो असा, की रोजच्या बोलण्यात येणार नाही. 'ये' तर घरात दिवसभर चालायचंच. काकू कोंबड्यांना संध्याकाळी 'रा, रा' म्हणून बोलवायच्या. तेलुगूत 'ये'. आम्ही तोच उचलला. मग आमच्या मराठी घरात, येसराच्या आमटीच्या वासात, 'पाखरी, रा!' सुरू झालं.

नियम दुसरा, आणि माझ्यासाठी सगळ्यात कठीण: आली की कौतुकच करायचं. कितीही उशिरा येवो, चप्पल कुरतडून येवो, चिखलात लोळून येवो. "तू रागावतेस ते तुझ्या मते पळून गेल्याबद्दल," बाई म्हणायच्या. "तिला कळतं ते एवढंच, की नलूजवळ आलं की मार बसतो." आणि ती पळाली तर मागे पळायचं नाही. तिच्यापेक्षा जोरात पळणारं माणूस अजून जन्माला आलेलं नाही. आपण उलट्या दिशेनं पळायचं, मजेत, हसत हसत. नाहीतर सरळ खाली बसायचं. तिला वाटलं पाहिजे, की खरी गंमत आपल्याकडे चालू आहे आणि तिची चुकतेय. कासऱ्याचा लांब दोर पट्ट्याला बांधून मी मालधक्क्यापलीकडच्या माळावर रोज हा खेळ खेळायचे.

परवा माझ्या नातीनं पिल्लू आणलं, तर इथे लातूरला एक तरुण मुलगा त्याला शिकवायला येतो. कमरेला बिस्किटांची पिशवी, मोबाईलवर व्हिडिओ. तो नातीला म्हणाला, वरून हात नेऊ नका, खालून न्या. मी सोफ्यावरून म्हणाले, आणि पळालं तर उलटं पळा. तो चकित होऊन बघायला लागला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आणि एका संध्याकाळी, मी पाठ करून बसले होते, मन भलतीकडेच होतं, अंडं केव्हाच संपलं होतं. तेव्हा माझ्या खांद्यावर काहीतरी ओलं टेकलं. नाक. मग त्या लांब मानेचं सगळं वजन. मी श्वास धरून बसले. हात उचलायची, वळून मिठी मारायची इतकी अनावर इच्छा झाली की डोळ्यांत पाणी आलं. पण मी हलले नाही. आईनं दारातून बघितलं आणि ती तशीच, पिठाचे हात घेऊन, उभी राहिली.

अण्णांचं मात्र काही बदललं नव्हतं. रोज संध्याकाळी ते नांदेडहून गाडीनं येणारं वर्तमानपत्र आणायला स्टेशनवर जायचे. पाखरी त्यांच्यामागे जायची म्हणून मलाही जावं लागायचं. ते पुढे, धोतराचा सोगा हातात, बगलेत छत्री. मागे ती, आणि दोराचं टोक धरून मी. या वरातीत कुणी कुणाशी बोलत नसे. दिवाळी तोंडावर आली होती, आईचं भाजणीचं पीठ दळून आलं होतं, आणि मामांचं पत्र आलं होतं की येतोय. अण्णा त्यावर काही बोलले नव्हते. विचारायची माझी हिंमत नव्हती.

त्या दिवशी माळाच्या कडेनं आम्ही चाललो होतो आणि भुईमुगाच्या शेतातून ससा उठला. पाखरीनं एकच झटका दिला. या जातीचं डोकं मानेहून बारीक. पट्टा कानांवरून सरळ निघून आला आणि रिकामा पट्टा दोरासकट माझ्या हातात राहिला. ससा रुळांकडे, पाखरी त्याच्यामागे. रुळाखालच्या मोरीत ससा शिरला आणि ती वरती, दोन रुळांच्या बरोबर मध्ये, खडी उकरायला लागली. तेवढ्यात सिग्नलचा हात खाली पडला. आदिलाबादकडची गाडी. धूर दिसत होता, मग शिट्टी ऐकू आली.

मी काही करायच्या आत अण्णा पळाले. छत्री टाकून, धोतर सावरत, सरळ तिच्याकडे. "ए! ए पाखरी! हट! थांब!" त्यांच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. पाखरीनं मान वर केली, अण्णांना आपल्याकडे धावत येताना बघितलं आणि तिच्या शेपटीनं सांगितलं की तिला केवढा आनंद झालाय. अण्णा खेळायला आले! ती वळली आणि रुळांमधूनच, स्लीपरांवरून उड्या मारत, पुढे पळाली. गाडीच्या दिशेनं. अण्णा आणखी जोरात. ती आणखी जोरात.

"अण्णा!" मी किंचाळले. "अण्णा, थांबा! मागं फिरा! उलटं पळा!"

आमच्या घरात अण्णांना कुणी 'थांबा' म्हणत नसे. ते थांबले. वळून माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पार पांढरा पडला होता.

"इकडं पळा! तिच्याकडं बघू नका! हसा, अण्णा, हसा!"

आणि अण्णा वळले. मुदखेडच्या हायस्कुलातले गणिताचे सर, मालधक्क्यावर हमाल आणि त्यांच्याच वर्गातली पोरं बसलेली असताना, काळी टोपी एका हातानं दाबून, दुसऱ्या हातानं धोतर वर धरून, रुळांपासून लांब, माळावरच्या एका कडुनिंबाकडे धावत सुटले, आणि धावता धावता ओरडत होते, "रा! रा रा रा! पाखरी, रा!" त्यांनी तो शब्द कधी ऐकून ठेवला होता देव जाणे. आवाज चिरका झाला होता. हसायचा प्रयत्न करत होते ते, पण हसण्याची सवय नसल्यामुळे ते खोकल्यासारखं येत होतं. मीही पळत होते, ओरडत होते, मागे बघायचं नाही म्हणून बघत नव्हते. इंजिनाचा आवाज पायाखालून यायला लागला. शिट्टी. पुन्हा शिट्टी, लांबलचक. मी खाली बसले, डोळे मिटले, हात पुढे केले.

गाडी धडधडत निघून गेली. तिच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नाही. पण शेवटचा डबा जायच्या आधीच माझ्या हनुवटीखाली एक ओलं नाक घुसलं आणि मी पाठीवर आडवी झाले. पाखरी माझ्यावरून उडी मारून अण्णांकडे गेली. अण्णा धोतरात पाय अडकून निंबाखाली धुळीत बसले होते, टोपी कुठंतरी पडली होती. तिनं त्यांचं टक्कल चाटलं, परत माझ्याकडे, परत त्यांच्याकडे. तिच्या हिशेबानं इतका सुंदर खेळ आजवर कुणी तिच्याशी खेळलं नव्हतं.

अण्णा धापा टाकत होते. तिला मारायला उचलावा तसा त्यांचा हात वर गेला आणि तसाच राहिला. "नलू," ते म्हणाले, "आता... आता हिला रागवायचं नाही ना?"

"नाही अण्णा. आलीय ना ती. शाबास म्हणायचं."

हात हळूहळू खाली आला, हनुवटीखालून छातीकडे वळला. "शाबास," अण्णा म्हणाले. मग मला उठून बसताना बघितलं. कपाळावरचा घाम पुसत, जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले, "शाबास पोरी." आणि तेव्हा ते खरोखर हसले. खोकला नाही. मालधक्क्यावरची पोरं आधी घाबरली, मग तीही हसायला लागली.

मामा धनत्रयोदशीला आले, या वेळी आवाज आधी. चिवड्याची ताटली संपवून म्हणाले, "आणा तिला. संध्याकाळच्या बशीनं नेतो. रानात बरी राहील." मी आईच्या मागे उभी होते. मामांनी 'यू यू' केलं आणि ओट्यावर पडलेल्या पाखरीच्या मानेला धरायला वरून हात घातला. ती उठून अण्णांच्या खुर्चीमागे गेली.

"बापूराव, असं वरून हात घालू नका," अण्णा म्हणाले.

"आँ?"

"खाली बसा. तिच्याकडे पाठ करा. नलू, काकूंकडून अंडं आण गं."

"दाजी, माझ्या घरची कुत्री हाय ती!"

"असेल. पण आता ती माझ्या वर्गात आहे. बसा."

पिढ्यान् पिढ्या कारवानी पाळणारे बापूमामा आमच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून, मागे तळहात उघडा ठेवून बसले, आणि अण्णा खुर्चीवरून सूचना देत होते. नजर देऊ नका. घाई करू नका. बोला काहीतरी, पिकापाण्याचं बोला. आई स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसत होती. पाखरीनं बराच वेळ घेतला, पण शेवटी जाऊन मामांच्या हातचं अंडं खाल्लं, आणि मामा म्हणाले, "आयला, खरंच की!" संध्याकाळी ते बसस्टँडवर गेले तेव्हा हातात आईनं दिलेली चकल्यांची पिशवी होती आणि तेवढीच.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. मी अण्णांच्याच वर्गात होते आणि शेवटच्या बाकावर रुक्मिण नावाची एक मुलगी बसायची, जिला अपूर्णांक काही केल्या येत नसत. अण्णांनी तिला नाव घेऊन उठवलं, तशी ती नेहमीसारखी बाकावर मागे मागे सरकायला लागली. सगळा वर्ग खाली बघत होता. अण्णा खडू घेऊन तिच्याकडे चालत गेले, तिच्यापाशी थांबले, आणि मग वळून, तिच्या शेजारी, बाकावर, आमच्यासारखेच फळ्याकडे तोंड करून बसले. मास्तर बाकावर बसलेले आम्ही कुणी कधी बघितले नव्हते. रुक्मिण इतकी घाबरली की तिला दोनाचा पाढाही आठवेना.

"असू दे," अण्णा फळ्याकडेच बघत म्हणाले. "मला घाई नाही."